कॅन्सर ओळखणारे यंत्र आधी कुणाच्या दारात?

कृत्रिम बुद्धिमत्तेने कॅन्सर ओळखला, अशी बातमी आता आठवड्याला एक तरी येते. आपल्या ग्रुपवर ती फिरते आणि तिच्याखाली दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक जण म्हणतो, आता डॉक्टरांची मक्तेदारी संपली, मोबाइलच तपासणार. दुसरा म्हणतो, हा सगळा भांडवलदारांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध? दोघेही आपलेच कार्यकर्ते आहेत आणि दोघांच्या म्हणण्यात थोडे थोडे तथ्यही आहे. पण मूळ प्रश्न दोघेही विचारत नाहीत. यंत्र किती हुशार आहे, हा आपला पहिला प्रश्न असूच शकत नाही. ते ठेवले कुठे जाणार, ते शिकले कुणाच्या शरीरावर आणि त्याने रोगाकडे बोट दाखवल्यावर रुग्णाचा हात धरणार कोण, हे आपले प्रश्न आहेत.

यंत्राबद्दल आपली भूमिका काय असावी, यासाठी फार शोधाशोध करण्याची गरज नाही. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. त्यांचा युक्तिवाद असा, की माणसाला जनावरासारख्या कष्टातून सोडवायचे असेल आणि विचार करायला फुरसत मिळवून द्यायची असेल, तर यंत्राशिवाय पर्याय नाही. यंत्रामुळे अनर्थ होत असेल तर दोष यंत्राचा नाही, त्याचे फायदे मूठभरांच्या घरात कोंडणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणून यंत्र मोडायचे नाही, रचना बदलायची. कॅन्सरच्या यंत्रालाही हीच कसोटी लावली पाहिजे. यंत्रद्वेष आपला नाही आणि यंत्रभक्तीही आपली नाही.

आधी हे यंत्र करते काय, ते साध्या शब्दांत समजून घेऊ. संगणकाला लाखो चित्रे दाखवली जातात. स्तनाचे एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राम, फुप्फुसांचे सीटी स्कॅन, तुकडा तपासणीच्या काचपट्ट्यांचे फोटो, तोंडातल्या चट्ट्यांचे फोटो. प्रत्येक चित्राबरोबर तज्ज्ञाचे उत्तर जोडलेले असते : यात कॅन्सर आहे, यात नाही. त्यातून संगणक खुणा शिकतो. पुढे नवे चित्र आले, की शिकलेल्या चित्रांशी त्याचे किती साम्य आहे, ते सांगतो. त्याला रोग कळत नाही, त्याला साम्य कळते. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवली, की पुढचे सगळे आपोआप उलगडते. जे दाखवले नाही, ते त्याला ओळखता येत नाही.

हे काम ते चांगले करते का? करते, आणि हे मान्य करायला आपण कचरू नये. स्वीडनमध्ये २०२१ पासून मासाई नावाची मोठी चाचणी झाली. एक लाखाहून अधिक बायका तिच्यात होत्या. २०२३ मध्ये पहिल्या ८० हजार बायकांचा हिशोब प्रसिद्ध झाला. अर्ध्या बायकांचे मॅमोग्राम दोन-दोन डॉक्टरांनी नेहमीसारखे पाहिले, उरलेल्या अर्ध्यांच्या वेळी एआयची मदत घेतली. पहिल्या गटात २०३ कॅन्सर सापडले, एआयच्या गटात २४४. विनाकारण परत बोलावलेल्या बायकांचे प्रमाण वाढले नाही आणि डॉक्टरांचे चित्रे पाहण्याचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले. ही जाहिरात नाही, शास्त्रशुद्ध चाचणी आहे. जिथे डॉक्टर कमी आणि रुग्ण फार, तिथे याचे मोल किती आहे, हे सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक दिवस बसलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही.

पण त्याच चाचणीतली एक गोष्ट बातमीत येत नाही. स्वीडनमध्ये ४० ते ७४ वर्षांच्या प्रत्येक बाईला तपासणीसाठी बोलावणे येते. ती गरीब असो की श्रीमंत, शहरात असो की खेड्यात, पत्र घरी येते. म्हणजे आधी सार्वजनिक व्यवस्था उभी राहिली आणि मग तिच्यावर यंत्र बसले. आपल्याकडे काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या बायका १.९ टक्के. स्तनाची तपासणी झालेल्या ०.९ टक्के. तोंडाची तपासणी झालेल्याही ०.९ टक्के. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायकांचे चित्रच काढले गेले नाही. मग यंत्र वाचणार काय?

हा मुद्दा मी आकडेवारीतून शिकलो नाही. माझी धाकटी मावशी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी राहायची. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली. सकाळी उठली की मिसरी लावायची, दुपारी भूक मारायला पुन्हा लावायची. एके वर्षी तिच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा उठला आणि त्यावर जखम झाली. ती म्हणायची, "तोंड आलंय नुसतं, उन्हाळा हाय." गावातल्या डॉक्टरने मलमाची ट्यूब आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने अँटिबायोटिक दिले. तिसऱ्याने दाढ काढायला सांगितली. तोंड उघडेना आणि भाकरीचा घास आत जाईना, तेव्हा मला फोन आला.

पुढची धावपळ मी केली, त्यामुळे तारखा माझ्याकडे आहेत. तिच्या जाण्यानंतर एकदा मी फाईल घेऊन बसलो आणि दिवस मोजले. गावातल्या डॉक्टरांकडे मलमात गेले १३१ दिवस. जिल्ह्याला जायचे की नाही, कुणी सोबत जायचे, पैसे कुठून आणायचे, यात गेले ३४. सिव्हिलमध्ये तुकडा काढल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत २३. रेशनकार्डवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नव्हते, ते दुरुस्त होऊन योजनेत नाव लागेपर्यंत २१. मुंबईला गेल्यावर स्कॅन, पुन्हा तपासण्या आणि ऑपरेशनची तारीख, यात ३७. एकूण २४६ दिवस. ऑपरेशनमध्ये जबड्याचा अर्धा भाग काढला. त्यानंतर मावशी चौदा महिने जगली. शेवटचे कित्येक महिने पेज आणि दूध, तेही नळीने.

आता या २४६ दिवसांवर आजचे एआय ठेवून पाहा. काचपट्टी वाचणारे यंत्र सिव्हिलमध्ये असते, तर २३ मधले काही दिवस वाचले असते. मुंबईत स्कॅन वाचायला आणि उपचारांची आखणी करायला एआय असते, तर ३७ मधले काही वाचले असते. रेडिएशन देण्याआधी निरोगी अवयवांच्या सीमा चित्रावर आखाव्या लागतात. डॉक्टरांना त्यासाठी तास लागतात, यंत्र काही मिनिटांत कच्ची आखणी करून देते आणि डॉक्टर ती तपासतात. हेही खरे आहे. पण रेशनकार्डाचे २१ दिवस आणि पैसे गोळा करण्याचे ३४ दिवस कुठले यंत्र वाचवणार? आणि सगळ्यात मोठा आकडा पाहा : १३१. जिथे आपला माणूस सर्वाधिक वेळ गमावतो, तिथे यंत्र नाहीच. यंत्र आहे ते मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, म्हणजे रस्त्याच्या शेवटच्या टोकाला. आपला वेळ जातो तो रस्त्याच्या पहिल्या टोकाला.

कुणी म्हणेल, गावात यंत्र नेणे शक्य नाही. हे खोटे आहे. मोबाइलला जोडता येणारा तोंडाचा कॅमेरा आणि त्यावर चालणारे एआय यावर बेंगळुरूच्या मजुमदार शॉ कॅन्सर सेंटरच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर काम केले आहे, तेही साधने नसलेल्या वस्त्यांना डोळ्यापुढे ठेवून. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, यंत्राशिवायही हे काम झालेले आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्त्यांना तोंड तपासायला शिकवले. हातात टॉर्च, बस. जवळपास दोन लाख लोक त्या चाचणीत होते. २००५ मध्ये निष्कर्ष आला, की तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या मुंबईतही १९९८ पासून टाटा मेमोरियलने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या स्थानिक बायकांना प्रशिक्षण दिले. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखे पातळ आम्ल लावायचे आणि पांढरा डाग उठतो का ते पाहायचे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ज्या गटाला तपासणी दिली नाही त्या बायकांचे काय, असा गंभीर नैतिक आक्षेप या अभ्यासावर पुढे घेतला गेला आणि तो आपणही विसरता कामा नये. पण दहावी शिकलेली आपल्याच वस्तीतली बाई कॅन्सर ओळखू शकते, हे त्यातून सिद्ध झाले, तेही खरेच.

मग आपल्या तालुक्यात ती टॉर्च का पोहोचली नाही? तंत्रज्ञान नव्हते म्हणून नाही. कुणाच्या तोंडात बघायचे, हा निर्णय व्यवस्थेने कधी घेतलाच नाही म्हणून. एआयबद्दल बोलताना हा इतिहास समोर ठेवला पाहिजे. टॉर्च पोहोचली नाही, तिथे एआय आपोआप पोहोचेल, असे मानायला कुठलाही आधार नाही. ते पोहोचवण्यासाठी भांडावे लागेल.

दुसरा प्रश्न : यंत्र कुणाच्या शरीरावर शिकले? जगातल्या तोंडाच्या कॅन्सरपैकी एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण एकट्या भारतात आहेत. आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात होताना दिसतो आणि तरुण बाईच्या स्तनाचा मॅमोग्राम वाचायला अवघड असतो. अमेरिका-युरोपातल्या चित्रांवर शिकलेले यंत्र इथे जसेच्या तसे चालेल, हे गृहीत धरणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल आपल्या पायात कोंबणे.

याची उदाहरणे घडून गेली आहेत. आयबीएम कंपनीने वॉटसन नावाची प्रणाली कॅन्सरवरचे उपचार सुचवण्यासाठी आणली. न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध कॅन्सर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिला शिकवले होते. भारतातल्या खासगी रुग्णालयांनीही ती घेतली आणि तिची मोठी प्रसिद्धी झाली. २०१८ मध्ये कंपनीचीच अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली आणि तिने काही वेळा असुरक्षित, चुकीचे उपचार सुचवल्याचे उघड झाले. तिला शिकवताना खऱ्या रुग्णांऐवजी कल्पित रुग्णांची उदाहरणे वापरली होती. २०२२ मध्ये कंपनीने आपला आरोग्य विभागच विकून टाकला. एका शहरातल्या, एका वर्गातल्या डॉक्टरांचे मत जगाचे शास्त्र म्हणून विकले गेले होते. काही मोजक्या लोकांनी ठरवलेले ज्ञान सर्वांसाठी प्रमाण मानायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

दुसरे उदाहरण कॅन्सरपुरते नाही, पण ते प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. अमेरिकेत जास्तीची काळजी कुठल्या रुग्णाला द्यायची, हे ठरवणारे एक सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरात होते. त्यात वंशाचा रकानाच नव्हता. म्हणजे वरवर पाहता ते निःपक्षपाती. पण कोण किती आजारी आहे, हे ते मागच्या वैद्यकीय खर्चावरून ठरवायचे. काळ्या माणसांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत होता, म्हणून यंत्राने त्यांना कमी आजारी ठरवले. २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघडकीस आणले. दोष दुरुस्त केला असता, तर जास्तीच्या काळजीसाठी निवडलेल्यांत काळ्या रुग्णांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते.

आता हे आपल्याकडे लावून पाहा. उद्या एखादे यंत्र विम्याच्या दाव्यांवर किंवा खासगी रुग्णालयांच्या बिलांवर शिकले, तर त्यात माझी मावशी १३१ दिवस कुठेच नसेल. मलमाच्या ट्यूबची नोंद कुठल्या संगणकात असते? जो दवाखान्यापर्यंत पोहोचलाच नाही, तो यंत्राच्या हिशोबात निरोगी. जातीचा रकाना नसतानाही जात काम करते, हे आपल्याला कुणी शिकवण्याची गरज नाही. भाड्याच्या घरापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत आपण ते पाहत आलो आहोत. यंत्रात ती आडनावातून शिरणार नाही, पत्त्यातून शिरेल, खर्चातून शिरेल, गैरहजेरीतून शिरेल.

तिसरा प्रश्न संमतीचा. आमच्या वस्तीत मध्यंतरी एक संस्था आली. विहाराचा हॉल त्यांना एका दिवसासाठी हवा होता. मोबाइलने तोंडाचे फोटो काढणार, एआय लगेच हिरवा किंवा लाल निकाल देणार, सगळे मोफत. महिला मंडळाच्या ताई अंगणवाडीत काम करतात. त्यांनी संमतीचा कागद मागितला. तो दोन पानी आणि इंग्रजीत होता. खाली सही किंवा अंगठा. ताईंनी विचारले, "ज्या बाईचं लाल येईल, तिला घेऊन कुठं जायचं?" उत्तर आले, ते आमच्या प्रकल्पात बसत नाही, आम्ही यादी देऊ. ताईंचा दुसरा प्रश्न, "आणि हे फोटो कुणाचे राहणार?" उत्तर आले, संशोधनासाठी सर्व्हरवर जातील. ताई म्हणाल्या, "मराठीत कागद आणा आणि सिव्हिलच्या डॉक्टरचं पत्र आणा, हॉल फुकट देतो." ती माणसे पुन्हा आली नाहीत.

त्या रात्री वस्तीतली काही पोरे चिडली. फुकट तपासणी घालवली, म्हणाली. हा आक्षेप मी हलका मानत नाही. त्या दिवशी कुणाच्या तोंडातला चट्टा सापडला असता, तर? पण उलट बाजूही पाहा. लाल निकाल हातात देऊन बाईला रस्त्यावर सोडणे म्हणजे तपासणी नव्हे. महिन्याभराने महिला मंडळाने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना गाठले आणि एका रविवारी त्याच हॉलमध्ये टॉर्चने तोंडे तपासून घेतली. दोघींना सिव्हिलला पाठवले, सोबत मंडळाची एक-एक बाई गेली. एकीचे दुखणे साधे निघाले. दुसरीचा चट्टा सुरुवातीच्या अवस्थेतला होता, तिचे उपचार वेळेत झाले. यात एआय कुठेच नव्हते. पण असते, तर याच रचनेत असायला हवे होते : डॉक्टर ठरलेला, रुग्णालय ठरलेले, सोबत ठरलेली.

गरिबाच्या शरीरातून ज्ञान काढायचे आणि त्याला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही, हा प्रकार जुना आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स ही काळी स्त्री गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने वारली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या पेशींवर जगभरच्या प्रयोगशाळा चालल्या, कंपन्यांनी पैसा कमावला आणि तिच्या कुटुंबाला कित्येक वर्षे कळलेही नाही. त्यांतल्या एका कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली ती २०२३ मध्ये, बहात्तर वर्षांनी. आपल्याकडेही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लसीचा प्रकल्प २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत राबवला गेला. लस उपयोगी आहे, आपल्या मुलींना ती मिळालीच पाहिजे. पण खम्ममच्या आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींच्या वतीने वसतिगृहाच्या वॉर्डनांनी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. आज सुई टोचत नाहीत, फोटो काढतात. पण सही कुणाची आणि फायदा कुणाचा, हा प्रश्न तोच आहे.

आणि चौथा धोका, ज्याची चर्चा होतच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचे प्रकरण आठवा. २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचे आढळले. पोटात दुखते म्हणून गेलेल्या अनेकींना कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली होती. त्या भीतीला पुरावा लागला नाही, फक्त डॉक्टरचा शब्द पुरला. उद्या त्याच भीतीला संगणकाचा रंगीत छापील कागद जोडला गेला, तर? "मशीनमध्ये आलंय बाई" या वाक्यापुढे आपली आई-बहीण काय बोलणार? एआयचा निकाल ही शंका असते, निदान नसते. कॅन्सरचे निदान बहुतेक वेळा तुकडा तपासूनच पक्के होते. त्याआधी कुणी काही कापायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय सही करू नये, हे प्रत्येक वस्तीत सांगितले गेले पाहिजे.

डॉक्टरांची गरज संपली म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. पोलंडमध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एआयची सवय लागल्यानंतर एआय नसताना केलेल्या तपासण्यांत, पुढे कॅन्सर होऊ शकेल अशा गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले. म्हणजे यंत्रावर विसंबल्याने माणसाची नजर बोथट होऊ शकते. जिथे दिवसातून दहा वेळा वीज जाते, नेट जाते, तिथे नजर बोथट झालेला डॉक्टर आपल्याला परवडणार नाही.

मग आपण मागायचे काय? निव्वळ टीका करून थांबणे ही आपली परंपरा नाही.

पहिले, यंत्र खालून वर आले पाहिजे. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीसाठी एआय येणार असेल, तर ते आधी आरोग्य उपकेंद्रावर यावे, आशा आणि आरोग्य सेविकेच्या हातात यावे. आणि त्या कामाचा पूर्ण मोबदला त्यांना मिळावा. मानधनाच्या नावाखाली आणखी एक काम त्यांच्या डोक्यावर टाकणे ही नवी वेठबिगारी होईल.

दुसरे, निकालाबरोबर वाट दिली पाहिजे. लाल निकाल आला त्याच दिवशी रुग्णालयाचे नाव, तारीख, एसटीचे भाडे आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे, हे सगळे एकत्र हातात पडले पाहिजे. ज्या प्रकल्पात हे नाही, तो सर्वेक्षण आहे, आरोग्यसेवा नव्हे.

तिसरे, सरासरी अचूकता सांगून आमची बोळवण करू नका. शंभरात नव्वद वेळा बरोबर, हे ऐकायला बरे वाटते. चुकलेले दहा कोण होते? ग्रामीण होते की शहरी, बाई होती की पुरुष, मिसरी लावणारी होती का, दलित-आदिवासी वस्तीतली होती का? सरकारी रुग्णालयात यंत्र बसवण्याआधी ते आपल्याच रुग्णांवर तपासले जावे आणि त्याचा निकाल गटवार जाहीर व्हावा.

चौथे, संमती मराठीत, वाचून दाखवलेली आणि नाकारण्याची मुभा असलेली हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्यातल्या एआयसाठी २०२३ मध्येच नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्याच वर्षी वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला आहे. ती कागदावर राहणार की वस्तीत येणार, हे आपण विचारण्यावर अवलंबून आहे. आमच्या चित्रांवर जे यंत्र तयार होईल, ते सरकारी दवाखान्यात आम्हाला मोफत मिळाले पाहिजे.

पाचवी मागणी आपल्याच तरुणांकडे आहे. आपली मुले-मुली आज इंजिनिअर होत आहेत, संख्याशास्त्र शिकत आहेत, पॅथॉलॉजी आणि रेडिओलॉजीत जात आहेत. चित्रावर हे कॅन्सर, हे नाही, असे उत्तर लिहिणाऱ्या टेबलाशी आपला माणूस बसलेला असेल, तर आपले प्रश्न तिथपर्यंत पोहोचतील. प्रतिनिधित्व फक्त विधानसभेत लागत नाही, यंत्र शिकवणाऱ्या खोलीतही लागते.

यातले काहीच होण्याची वाट न पाहता करता येईल असे एक काम आजच आहे. आपल्या घरात तंबाखू, गुटखा, मिसरी घेणारे कोण आहे, ते पाहा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला होणारा त्रास, स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतर किंवा अवेळी होणारा रक्तस्राव, यांतले काहीही असेल तर मलमावर दिवस घालवू नका. थेट सरकारी रुग्णालयात जा आणि एकटे पाठवू नका, सोबत जा.

आणि पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत दोनच प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली विचारायचे ठरवा. आपल्या आरोग्य केंद्रात मागच्या वर्षी किती जणांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी झाली? आणि संशय आलेल्यांपैकी किती जण उपचारापर्यंत पोहोचले? हे दोन आकडे ज्या दिवशी फळ्यावर लागतील, त्या दिवसापासून यंत्राची चर्चा खरी सुरू होईल.